भुताखेतांची आणि थराराची स्वतंत्र कॉमिक्स: पुण्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुस्तक महोत्सवात, कॉमिक्सच्या टेबलापाशी किंवा कट्ट्यावर गप्पा मारताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. आधी वाचणाऱ्यांचे प्रश्न आहेत, मग करणाऱ्यांचे. करणाऱ्यांचे जास्त आहेत, कारण पुण्यात चित्र काढणारी आणि गोष्ट सांगू पाहणारी मुलं खूप आहेत आणि त्यांना नीट माहिती देणारं कुणी चटकन भेटत नाही.

स्वतंत्र कॉमिक म्हणजे नेमकं काय?

ज्याची गोष्ट, पात्रं आणि हक्क ते करणाऱ्या माणसांकडेच राहतात, आणि छपाईचा खर्च त्यांनी स्वतः किंवा एखाद्या छोट्या प्रकाशनाने केलेला असतो, ते स्वतंत्र कॉमिक. वाचकाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की इथे नायकाला पुढची तीस वर्षं जिवंत ठेवायची सक्ती नसते. मोठ्या मालिकेत नायक वाचणार हे पहिल्या पानावरच ठाऊक असतं. स्वतंत्र अंकात तो अठराव्या पानावर मरू शकतो, किंवा खुनी तोच निघू शकतो. भय आणि थरार या दोन प्रकारांना हे स्वातंत्र्य सगळ्यात जास्त मानवतं.

हे सगळं अलीकडचंच आहे ना?

भीती जुनीच आहे, छापण्याची पद्धत नवी. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघत होती आणि त्यातला वेताळ, म्हणजे फँटम, मराठीतही घरोघरी वाचला गेला. हिंदीत राज कॉमिक्सने भयकथांचा वेगळा विभागच चालवला. त्यांचा सर्पशक्तीचा नायक नागराज १९८६ मध्ये आला आणि त्याचे सुरुवातीचे अंक ज्यांनी काढले ते प्रताप मुळीक पुण्यात राहून काम करणारे चित्रकार होते. एका पिढीच्या स्वप्नात आलेला तो साप पुण्यातल्या टेबलावर काढला गेला, हे इथल्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०११ मध्ये दिल्लीत पहिला कॉमिक कॉन भरला आणि छोट्या प्रकाशकांना थेट वाचकासमोर टेबल मांडायची सोय झाली. पुढे अशा जत्रा इतर शहरांत गेल्या, पुण्यातही आल्या. आजची बहुतेक भयकॉमिक्स वाचकांपर्यंत पोचली ती याच वाटेने.

मला सुरुवात करायची आहे. काय वाचू?

होली काऊ एंटरटेनमेंटची 'अघोरी' ही मालिका आणि याली ड्रीम क्रिएशन्सचं 'द कॅरव्हान' ही दोन नावं आधी घेईन. पहिल्यात साधना, स्मशान आणि सूड आहे. दुसऱ्यात रक्तपिपासू आहेत, पण परदेशी किल्ल्यातले नाहीत, आपल्याकडच्या फिरत्या खेळांच्या तांड्यातले आहेत. यालीच्याच 'द व्हिलेज' या भयकॉमिकवर २०२३ मध्ये तमिळ वेबमालिका आली. आधी कॉमिक वाचा आणि मग मालिका बघा, म्हणजे एकच भीती कागदावर आणि पडद्यावर कशी वेगळी काम करते ते कळेल.

जोरदार मुखपृष्ठ बघून संच विकत घेऊ नका. एक अंक घ्या. मधलं कुठलंही पान उघडा आणि संवाद झाकून बघा. चित्रांवरून काय चाललंय ते समजत असेल तर घ्या.

ही सगळी इंग्रजी-हिंदीत. मराठीत का नाहीत?

फार कमी आहेत, हे खरं आहे. मराठी वाचकाला भीती आवडत नाही म्हणून नव्हे. गूढकथा, भयकथा आणि रहस्यकथा यांवर इथल्या वाचनालयांची कपाटं पिढ्यान्‌पिढ्या चालली. अडचण व्यवहाराची आहे. आपली प्रकाशनं शब्दांच्या पुस्तकाचा हिशेब जाणतात. चित्रांचं पान तयार व्हायला वेळ लागतो, पैसे लागतात आणि विक्रीचा अंदाज कुणाकडेच नसतो.

माझ्या मते मराठी भयकॉमिकची खरी जागा दिवाळी अंकात आहे. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून आपल्याकडे दरवर्षी मुद्दाम नवं वाचायची सवय आहे, आणि गूढकथेला त्या अंकांत कायम मान मिळालेला आहे. आठ पानांचं, एका बैठकीत संपणारं, काळ्या-पांढऱ्या रंगातलं कॉमिक दिवाळी अंकात सहज बसतं. संपादकांना उन्हाळ्यातच गाठा. गणपतीनंतर विचारलंत तर अंक छपाईला निघालेला असतो. नुसती कल्पना घेऊन जाऊ नका, दोन पूर्ण पानं आणि बाकीच्या पानांचे कच्चे आराखडे सोबत न्या.

पुण्यात कुठे मिळतील?

नेहमीच्या पुस्तकांच्या दुकानांत स्वतंत्र कॉमिक्स क्वचित दिसतात. डेक्कन, फर्ग्युसन रस्ता आणि अप्पा बळवंत चौक इथे चौकशी करायला हरकत नाही, पण दुकानात दिसली नाहीत म्हणजे ती नाहीतच असं समजू नका. प्रकाशकांच्या स्वतःच्या साइटवरून मागवणं सगळ्यात खात्रीचं. डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथे चक्कर मारा. कॉमिक कॉन आणि इंडी कॉमिक्स फेस्टच्या तारखांवरही लक्ष ठेवा. टेबलावरून घेतलं तर जवळजवळ सगळे पैसे करणाऱ्याच्या हातात पडतात आणि सहीही मिळते.

माझा मुलगा नववीत आहे. त्याला द्यावीत का?

आधी तुम्ही वाचा. उत्तर टाळण्यासाठी हे सांगत नाही. स्वतंत्र कॉमिक्सवर वयाचा शिक्का प्रकाशक आपल्या मनानेच मारतो, आणि एकाचं 'किशोरांसाठी' दुसऱ्याच्या 'प्रौढांसाठी'पेक्षा उग्र असू शकतं. नववीतल्या मुलाला भीती सोसते. बाईवरचा अत्याचार सजावटीसारखा वापरलेली पानं मात्र त्याच्या हातात देऊ नयेत, खरं तर कुणाच्याच देऊ नयेत.

करणाऱ्यांनीही एक कायदा माहीत करून घ्यावा. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्सवर आचारसंहिता आली, १९५५ मध्ये ब्रिटनने कायदा केला आणि १९५६ मध्ये भारतात तरुणांना अपायकारक प्रकाशनांविरुद्धचा कायदा झाला. चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींचा त्यात थेट उल्लेख आहे: गुन्हे, क्रौर्य किंवा किळसवाणे, भयंकर प्रसंग अशा रीतीने दाखवणं की एकूण प्रकाशन तरुणांना बिघडवेल. यात 'तरुण' म्हणजे वीस वर्षांखालची व्यक्ती. कायदा एकूण परिणाम बघतो, एखादं रक्ताळलेलं चित्र सुटं काढून बघत नाही. पण अंक मुलांच्या टेबलावर मांडून 'सगळ्यांसाठी' म्हणून विकणं आणि मुखपृष्ठावर 'फक्त प्रौढांसाठी' असं ठळक छापणं, यात मोठा फरक आहे. ठळक छापा.

भुताच्या कॉमिक्सनी अंधश्रद्धा वाढत नाही का?

हा प्रश्न पुण्यात विचारला जातो आणि विचारलाच पाहिजे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची याच शहरात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. अशा शहरात भूत रंगवणाऱ्याने जबाबदारी झटकू नये.

माझं मत स्पष्ट आहे. गोष्टीतलं भूत आणि भोंदूचं भूत यांत फरक आहे. गोष्ट वाचणाऱ्याला ठाऊक असतं की आपण घाबरायला बसलो आहोत आणि पुस्तक मिटलं की उठणार आहोत. भोंदू माणसाला उठूच देत नाही, त्याच्याकडून पैसे घेतो, त्याच्या घरातल्या सुनेला 'लागीर झालंय' म्हणून मारतो. म्हणून काही पथ्यं पाळावीत असं मला वाटतं. कॉमिकमध्ये मंत्र, उतारा, तोडगा हे खरोखर गुणकारी उपाय म्हणून छापू नयेत. त्या कायद्यात अमानुष आणि अघोरी प्रथांचा प्रचार करणाऱ्या छापील मजकुराचाही विचार केलेला आहे, म्हणून मागच्या पानावर बाबा-बुवांची जाहिरात तर नकोच. 'सत्यघटनेवर आधारित' हे दोन शब्द विक्रीसाठी चिकटवू नयेत. आणि मांत्रिक दाखवायचाच असेल तर त्याच्यापुढे बसलेल्या बाईचा चेहराही दाखवावा. भीती कोणाच्या बाजूने आहे ते त्या एका चौकटीत ठरतं.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा कार्यकर्ता नायक असलेली, तरीही वाचकाला रात्री दिवा लावून झोपायला लावणारी गोष्ट पुण्याने द्यायला हवी. तशी कुणी केली तर मी पहिला गिऱ्हाईक असेन.

मला पुण्यात घडणारी गोष्ट करायची आहे. शनिवारवाडा घेऊ का?

घ्या, पण आधी तिथे काय झालं ते वाचा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना वाड्यातच कापलं. ते तेव्हा अठरा वर्षांचे होते. 'काका, मला वाचवा' ही हाक सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यात धक्का उरलेला नाही. पौर्णिमेच्या रात्री वाड्यातून हाक येते, एवढ्यावर कॉमिक उभं राहत नाही. पगार थकल्यामुळे चिडलेले गारदी, पत्रातलं एक अक्षर बदलल्याची कथा, पुतण्याला धरायचं की मारायचं या घोळात सापडलेला काका, आणि पुढे न्यायासनावरून त्याच काकाला देहान्त प्रायश्चित्त सुनावणारे रामशास्त्री: हा राजकीय थरार आहे, आणि तो भुतापेक्षा जास्त अंगावर येतो.

त्याहून मला खुणावतात त्या कमी वापरलेल्या जागा.

कात्रजचा नळ घ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ बांधून पाणी आणलं. कित्येक ठिकाणी त्यातून माणूस चालू शकेल इतकी उंची आहे, आणि मधे मधे वर निघणारे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठीची तोंडं आहेत. वर दुचाक्यांची गर्दी, खाली अडीचशेहून जास्त वर्षांचा अंधार आणि वाहतं पाणी. पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या पुनर्विकासात खोदकाम करताना नळ फुटतो आणि पाण्याबरोबर काहीतरी वर येतं. इथून पुढे गोष्ट तुमची.

एकेकाळी त्याच पाण्यावर चालणारा बुधवार पेठेतला बाहुलीचा हौद. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपली मुलगी काशीबाई हिच्या आठवणीसाठी तो बांधला. मुलीला शिकवतात म्हणून चिडलेल्या नातेवाइकांनी तिला खाण्यातून काच घातली, असं सांगितलं जातं. या गोष्टीत भूत आणायचं असेल तर फार हळुवार हाताने आणावं लागेल, कारण इथे भयंकर आहेत ती माणसं.

१२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. धरण फुटलं आणि भर दिवसा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर घरात परतलेल्या माणसांना काय दिसलं असेल, एवढ्या एका प्रश्नावर पूर्ण अंक होतो. ज्यांनी तो दिवस पाहिला अशी माणसं अजून आपल्यात आहेत, त्यांच्यापाशी बसून ऐका.

वेताळ टेकडी तर नावासकट हजर आहे. शहरातल्या सगळ्यात उंच जागांपैकी एक, वर वेताळाचं देऊळ, बाजूला खाण. पहाटे फिरायला येणारी माणसं, मोर, कुत्री आणि धुकं. आणि हिंजवडीच्या अर्ध्या रिकाम्या टॉवरमधली रात्रपाळीची लिफ्टही घ्या. जुनं तेवढंच भीतीदायक असं काही नाही.

प्लेगचं पुणेही विसरू नका. १८९७ मध्ये घरात घुसून तपासणी करणारे सोल्जर, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत दबा धरून बसलेले चाफेकर बंधू. कोणती बग्गी, कोणता साहेब, इशारा कधी: थरारपटाची सगळी यंत्रणा इतिहासाने मांडून ठेवली आहे.

कोणतं भूत घेऊ? सगळ्यांना वेताळ आणि हडळच ठाऊक आहे.

आपल्याकडे भुतांनाही नियम आहेत आणि लेखकासाठी ते नियम सोन्यासारखे आहेत. मुंजा हा मुंजीनंतर, लग्नाआधी मेलेला मुलगा, तो पिंपळावर राहतो. समंध संपत्ती किंवा जागा राखतो. ब्रह्मराक्षसाला विद्या असते. चकवा दिसत नाही, तो फक्त वाट फिरवतो आणि माणूस रात्रभर त्याच शेताला फेऱ्या घालत राहतो. हाकामारी दाराबाहेरून नावाने हाक मारते. आसरा पाण्यापाशी असतात. खवीस, झोटिंग, गिऱ्हा, जखीण, कोकणातला देवचार. प्रत्येकाला जागा आहे, कारण आहे आणि एक अपुरी राहिलेली इच्छा आहे.

नियम आधी ठरवा आणि मग मोडू नका. हाकामारी तिसऱ्या हाकेनंतर आत येते असं तुमच्या कॉमिकने एकदा सांगितलं की पुढची वीस पानं वाचक हाका मोजत बसतो. चित्रात काहीही न दाखवता तुम्ही त्याला पकडलेलं असतं. आणि चकव्यासाठी तर कॉमिकसारखं माध्यम नाही: तेच झाड, तीच विहीर, तोच मैलाचा दगड पुन्हा पुन्हा वेगळ्या चौकटीत काढा. माणसाच्या आधी वाचकाच्या लक्षात आलं पाहिजे.

पुण्यात घडलेल्या खऱ्या गुन्ह्यावर कॉमिक करता येईल का?

१९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाबद्दल हमखास विचारतात. गुन्हेगार चित्रकला शिकणारी मुलं होती, शहर संध्याकाळी सातलाच दारं लावून घेऊ लागलं होतं, आणि १९८३ मध्ये येरवड्यात त्यांना फाशी झाली. न्यायालयात सिद्ध झालेल्या आणि जाहीर नोंदीत असलेल्या गोष्टींवर लिहिण्याला सहसा आडकाठी नसते. पण मेलेल्यांची मुलं, नातवंडं याच शहरात राहतात. त्यांचा विचार करा.

मी तरी असं सुचवेन की घटना नका घेऊ, शहर घ्या. संशयाने शेजाऱ्याकडे बघणारा वाडा, दाराला नव्याने बसवलेली दुसरी कडी, क्लासला एकटी न जाणारी मुलगी, आणि बेल वाजल्यावर घरातल्या सगळ्यांचं एकदम गप्प होणं. कोणाच्याही मरणाचं चित्र न काढता तो काळ उभा राहतो.

थरार पानावर कसा आणायचा? सिनेमात संगीत असतं, इथे काय?

इथे पान उलटणं असतं. मराठी पुस्तकात विषम आकड्याचं पान उजवीकडे येतं आणि सम आकड्याचं डावीकडे. पुस्तक उघडलं की दोन्ही पानं एकदम डोळ्यांत येतात, म्हणून धक्का उजव्या पानाच्या तळाशी ठेवला तर वाचकाने तो आधीच पाहिलेला असतो. प्रश्न उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत ठेवा आणि उत्तर पान उलटल्यावर डावीकडच्या पहिल्या चौकटीत द्या. दाराची कडी हलते ते पान ७, दार उघडतं ते पान ८. लिहितानाच पानांचे आकडे घालून लिहा. नंतर एक पान मधे घुसडलंत तर पुढचे सगळे धक्के चुकीच्या बाजूला सरकतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. लहान-लहान चौकटी एकसारख्या लावल्या की वाचकाचा श्वास जलद होतो. मग अचानक एक पूर्ण पान, संवाद नाही, फक्त जिना. डोळा तिथे थांबतो. भीती बहुधा या थांबण्यातच असते. राक्षसाचं सविस्तर चित्र जितकं उशिरा द्याल तितकं बरं, आणि काही अंकांत ते दिलं नाही तरी चालतं.

मोबाइलवर उभं सरकवत वाचायचं कॉमिक करत असाल तर पान उलटणं नाहीच. तिथे दोन चौकटींमधली मोकळी जागा तेच काम करते.

पहिला अंक किती पानांचा असावा?

सोळा. एक गोष्ट, तिथेच संपणारी. 'क्रमशः' लिहून पाच भागांची घोषणा करू नका. मधे सोडलेल्या पहिल्या भागांमुळे वाचकाचा विश्वास उडतो आणि त्याचा फटका पुढच्या नव्या माणसाला बसतो. मधोमध पिना मारून बांधायचं असेल तर पानं चारच्या पटीत हवीत.

संवादाच्या फुग्यांतली मराठी अक्षरं नीट बसत नाहीत. काय करू?

यावर सविस्तर सांगतो, कारण चांगली चित्रं इथेच मार खातात.

देवनागरीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. त्यामुळे दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा जास्त अंतर लागतं, आणि फुगाही मोठा लागतो. चित्र पूर्ण झाल्यावर फुगे चिकटवले तर चेहरे झाकले जातात. कच्च्या आराखड्यातच संवाद हाताने लिहा आणि उरलेल्या जागेत चित्र काढा.

फोटोशॉपच्या थोड्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं तुटत असतील तर टाइपच्या पसंतीमध्ये जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट सुरू करा. त्याहून जुन्या आवृत्त्यांत हाच पर्याय मध्यपूर्व आणि दक्षिण आशियाई या नावाने असतो. इंकस्केपमध्ये जोडाक्षरं नीट येतात आणि ते मोफत आहे. फॉन्ट युनिकोडचाच वापरा. 'मुक्ता', 'बलू' आणि 'कलम' हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, छापील विक्रीलाही चालतात. पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी कित्येक छापखान्यांत आजही असते, पण तिच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसरीकडे नेला की अक्षरांचा बुकणा होतो. छापखान्याला अक्षरं बाह्यरेषेत (आउटलाइनमध्ये) बदलूनच फाइल द्या.

आपल्या लिपीत मोठी अक्षरं नसतात. मग किंचाळी कशी दाखवणार? शिरोरेषेवर काम करा. ती तोडा, थरथरवा, तिच्यावरून शाई ओघळू द्या. कुजबुजीसाठी शिरोरेषा काढूनच टाका. 'धाड', 'करकर', 'सळसळ', 'टपटप' असे नादाचे शब्द मराठीत रगड आहेत. ते हाताने काढा, फॉन्टने नको.

पात्रांनी प्रमाण मराठीत बोलावं का?

प्रत्येकाने आपापल्या मराठीत बोलावं. सदाशिव पेठेतल्या आजी, मुळशीचा रिक्षावाला, विदर्भातून शिकायला आलेली मुलगी आणि येरवड्याचा हवालदार यांचे फुगे नावं झाकूनही ओळखू आले पाहिजेत. भूत कोणती मराठी बोलतं तेही ठरवा. १७७३ मधला माणूस 'ओके' ऐकून गोंधळेल, आणि त्या गोंधळातही गोष्ट आहे.

चित्रकार मित्र आहे. करार कशाला?

मैत्री टिकावी म्हणून. लेखक आठवड्याभरात लिहून मोकळा होतो, चित्रकार महिनोन्‌महिने बसतो. त्याला पानामागे पैसे द्या. शक्य नसेल तर मालकीत वाटा द्या. 'प्रसिद्धी मिळेल' हा मोबदला नव्हे.

कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी आणि सही केलेलं हवं. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. एका पानावर साध्या मराठीत लिहा: पात्रं कोणाची, पैसे किती आणि कधी, दुसरी आवृत्ती निघाली तर काय, वेबमालिकेसाठी कुणी विचारलं तर वाटणी कशी, मूळ चित्रं कोणाकडे राहणार. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. मूळ पानं चित्रकाराची.

भयकथाकार नारायण धारपांच्या कथेवर कॉमिक केलं तर?

वारसांची लेखी परवानगी घेऊनच करा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो, आणि ती साठ वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात. धारप २००८ मध्ये गेले, म्हणजे २०६८ संपेपर्यंत हक्क आहेत. हरी नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, त्यांचं लेखन केव्हाच सगळ्यांचं झालं. लोककथा आणि भुतांचे प्रकार कुणाच्या मालकीचे नसतात, पण दुसऱ्याने केलेली त्यांची विशिष्ट मांडणी त्याची असते.

नोंदणी, आयएसबीएन वगैरे?

स्वामित्वहक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी ऐच्छिक आहे. वाद झाला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मोफत मिळतो, स्वतः प्रकाशित करणाऱ्यालाही. 'मिळवून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यांना देऊ नका. १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते, त्यांतलं एक मुंबईत आहे. पाठवा. तुमचा सोळा पानी अंक देशाच्या ग्रंथालयात राहील.

छपाईत काय सांभाळू?

काळा रंग. भयकॉमिकमध्ये अर्धं पान काळं असतं आणि तिथेच घात होतो. पातळ मॅपलिथो कागदावर काळं मागच्या बाजूला दिसतं, म्हणून जरा जाड कागद घ्या. मोठ्या काळ्या भागात नुसती काळी शाई राखाडी दिसते, त्यात थोडे बाकीचे रंग मिसळावे लागतात, मात्र चारही शाया भरभरून दिल्या तर कागद वाळत नाही आणि पानं एकमेकांना चिकटतात. किती मिसळायचे ते छापणाऱ्यालाच विचारा, त्याला त्याचं यंत्र माहीत असतं. अक्षरं मात्र फक्त काळ्या शाईत. काळ्या मुखपृष्ठावर मॅट लॅमिनेशन देखणं दिसतं, पण बोटांचे ठसे आणि ओरखडे लगेच उमटतात. टेबलावर मांडायची प्रत वेगळी ठेवा.

चित्र ३०० डीपीआयला, नुसत्या रेषांचं असेल तर ६००. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. शंभर-दोनशे प्रती डिजिटलवर काढा, हजाराच्या पुढे ऑफसेट परवडतं. प्रूफ पडद्यावर बघून पास करू नका, कागदावर मागा. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या छापखान्यांत अशी माणसं आहेत की ती फाइल बघताच सांगतात हे पान फसणार. त्यांच्या समोर बसून काम करा. आणि पावसाळ्यात छापलेला कागद कोरडा व्हायला एक दिवस जास्त धरा.

किंमत किती ठेवू?

दुकानदाराला साधारण ३० ते ४० टक्के कमिशन द्यावं लागतं. ते वजा करूनही छपाईचा खर्च आणि चित्रकाराचे पैसे निघतील अशी ठेवा. मग ती तुम्हाला जास्त वाटली तरी पानं वाढवून भरपाई करायला जाऊ नका. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, एवढं एक सुख आहे. किकस्टार्टरवर भारतातून थेट मोहीम सुरू करता येत नाही, त्यामुळे आगाऊ मागणी स्वतःच नोंदवून घेणं हा सरळ मार्ग.

एआयने चित्रं करून काढलं तर?

मी घेणार नाही. या प्रकारात वाचक एका माणसाची भीती विकत घेतो. ती त्याच्या हाताच्या रेषेत असते.

अंक तयार आहे. आधी कुणाला दाखवू?

कॉमिक्स कधीच न वाचणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसाला. काही न सांगता हातात द्या आणि त्यांची नजर बघा. कुठल्या चौकटीनंतर ती परत मागे गेली, कुठे पान न वाचता उलटलं, ते टिपून ठेवा. मग दुसऱ्या चित्रकाराला दाखवा, मग मुद्रितशोधन करणाऱ्याला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह छापलेला अंक पुण्यात वाचला जाईल तो चुका मोजण्यासाठी, भूत बाजूलाच राहील. त्यानंतर फाइल छापखान्यात द्या.